नकाराची नोंद

जे काम माणसाला रोज त्याच क्रमाने, त्याच बटणांवर टिचक्या मारत करावे लागते, ते एकदाच लिहून ठेवलेल्या सूचनांच्या आधारे यंत्राकडून परस्पर करवून घेणे याला स्वयंचलन म्हणतात. या व्याख्येतील ‘परस्पर’ हा शब्द सर्वांत मोलाचा असून ऑपरेटिंग सिस्टिमने गेल्या काही वर्षांत नेमका तोच खोडून टाकला आहे. पहाटे तीन वाजता वर्गणीदारांची यादी उघडून थकबाकीदारांना स्मरणपत्रे धाडणारी एखादी सूचनावली, म्हणजेच स्क्रिप्ट, ज्याने लिहिली त्याचा हेतू पहाटे तीन वाजता स्वतःला झोपता यावे एवढाच असतो. प्रत्यक्षात त्या वेळी पडद्यावर एक लहानशी खिडकी उगवते, ‘हा प्रोग्रॅम त्या प्रोग्रॅमवर हुकमत चालवू पाहतो, चालेल काय?’ असे अदबीने विचारते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून उत्तराची वाट पाहू लागते. ज्याला आपल्या गैरहजेरीत काम व्हावे असे वाटते, त्याची हजेरी लागल्याशिवाय ते काम होत नाही, हा या विषयाचा मूलभूत सिद्धांत होय. पुढील विवेचन त्याच्या शाखा-उपशाखांपुरते मर्यादित आहे.

या सिद्धांताचा सर्वांत रेखीव आविष्कार ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांत आढळतो, आणि तो समजण्यासाठी त्या घराण्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. १९९१ साली आलेल्या ‘सिस्टिम ७’ या आवृत्तीत ‘ॲपल इव्हेंट’ नावाची सोय झाली. ॲपल इव्हेंट म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला धाडलेला निरोप. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, हे निरोप सामान्य माणसालाही लिहिता यावेत म्हणून ‘ॲपलस्क्रिप्ट’ ही भाषा अवतरली. तिची वाक्ये दिसायला साध्या इंग्रजीसारखी असून त्यांची सुरुवात बहुधा ‘टेल’ या क्रियापदाने होते. फाइंडरला सांग की अमुक फोल्डर उघड, मेलला सांग की तमुक पत्र पाठव. भरल्या घरात माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून परसात जसे निरोप जातात, तसे हे निरोप पंचवीस वर्षांहून अधिक काळ प्रोग्रॅमांमध्ये बिनबोभाट ये-जा करीत राहिले. २००५ मध्ये ‘ऑटोमेटर’ आला आणि ज्यांना निरोप लिहिण्याचाही कंटाळा होता त्यांना ठोकळे जोडून काम भागवता येऊ लागले. त्याच्या चिन्हावर हातात नळी धरलेला एक यंत्रमानव असे. या संपूर्ण काळात निरोप आणणाऱ्याला ‘तू कोण, कोणी पाठवले?’ असे कोणीही विचारले नाही.

न विचारण्याचा हा मोठेपणा कितीही लोभस वाटला, तरी त्याचा तांत्रिक अर्थ फारसा लोभस नव्हता. कोठून तरी उतरवून घेतलेल्या एखाद्या घड्याळाच्या खेळण्याने मेल या प्रोग्रॅमला ‘गेल्या वर्षीची सर्व पत्रे वाचून दाखव’ असा निरोप धाडला असता, तर मेलने तो आज्ञाधारकपणे ऐकला असता, कारण निरोपाच्या कागदावर हेतूचा रकाना नव्हता. खासगी माहितीच्या अशा परस्पर उचलीची जाहीर चर्चा २०१२ मध्ये झाली. त्या वर्षी ‘पाथ’ नावाचे एक समाजमाध्यमी ॲप लोकांच्या फोनमधील नाव-नंबरांची वही न विचारता आपल्या सर्व्हरवर नेत असल्याचे उघड झाले आणि कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी आयफोनच्या आणि मॅकच्या नव्या आवृत्त्यांनी, नाव-नंबरांच्या वहीला हात लावण्यापूर्वी ॲपने मालकाला विचारले पाहिजे, असा दंडक घातला. हा दंडक पाळून घेणाऱ्या यंत्रणेचे नाव ‘टीसीसी’. इंग्रजीतील तीन शब्दांच्या या आद्याक्षरांचा अर्थ पारदर्शकता, संमती आणि नियंत्रण असा होतो. पैकी संमती मालकाची, नियंत्रण यंत्रणेचे आणि पारदर्शकता कोणाची हे नावावरून कळत नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या ‘मोहावी’ आवृत्तीने हाच दंडक ॲपल इव्हेंटलाही लागू केला, आणि पंचवीस वर्षे मुकाट्याने चाललेल्या असंख्य स्क्रिप्टा एका सुधारणेनंतरच्या सकाळी दारात अडल्या. इतिहासाला विनोदबुद्धी असल्याचा पुरावा ज्यांना हवा असेल, त्यांनी येथे २००७ सालची एक जाहिरात आठवावी. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज व्हिस्टा’मध्ये क्षणोक्षणी परवानगी विचारली जात असे, त्याची टिंगल करण्यासाठी ॲपलने ती काढली होती, तिच्यात पीसीची भूमिका करणाऱ्या बिचाऱ्या गृहस्थामागे काळा चष्मा लावलेला एक अंगरक्षक उभा असून गृहस्थाने तोंड उघडले रे उघडले की ‘रद्द करू की चालू देऊ?’ असे तो विचारत असे. अकरा वर्षांनी तोच अंगरक्षक चष्मा उतरवून, गोल कोपऱ्यांच्या खिडकीत बसून मॅकच्या नोकरीत रुजू झाला. दुसऱ्याच्या दारातील पहारेकऱ्याला हसू नये, त्याची बदली कोठे होईल हे सांगता येत नाही, एवढा बोध यातून निघतो.

आता या प्रश्नाची रचना पाहू. त्यात दोन नावे असतात: एक, हुकूम सोडू पाहणाऱ्याचे, दुसरे, ज्याला हुकूम ऐकायचा आहे त्याचे. त्याखाली, परवानगी दिल्यास दुसऱ्या प्रोग्रॅममधील कागदपत्रे आणि माहिती पहिल्याला खुली होईल अशी जाणीव दिलेली असते, आणि खाली दोन बटणे, एक नकाराचे व एक होकाराचे. परवानगी जोडीगणिक वेगळी असते. म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्याला फाइंडरवर हुकमत मिळाली म्हणून मेलवर मिळते असे नाही, आणि ‘अ’ने ‘ब’ला सांगावे याची मुभा असली तरी ‘ब’ने ‘अ’ला उलट सांगावे याची नसते. एकमेकांना निरोप धाडू शकणारे दहा प्रोग्रॅम एका संगणकावर असतील, तर संभाव्य परवानग्यांची संख्या दहा गुणिले नऊ, म्हणजे नव्वद होते. एकत्र कुटुंबात कोणी कोणाला काय सांगायचे याचे नियम असेच असत. फरक इतकाच की तेथे ते कोणी लेखी विचारत नसे.

हा प्रश्न ज्या माणसापुढे येतो तो माणूस त्या दिवशी प्रथमच प्रश्नाला सामोरा जात नसतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा प्रकार उमगत नाही. सकाळपासून त्याला एका वर्तमानपत्राने ‘सूचना पाठवू का?’ असे विचारलेले असते, एका दुकानाने ‘कुकीज ठेवू का?’ असे, आणि हवामान सांगणाऱ्या ॲपने ‘तुम्ही कोठे आहात हे पाहू का?’ असे. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना जसे दार पुरते न उघडताच ‘नको, नको’ म्हटले जाते, तसे या सर्व खिडक्यांना नको म्हणण्याची सवय त्याच्या बोटाला जडलेली असते, आणि बोट एकदा सवयीने चालू लागले की मेंदूला त्याची वर्दीही देत नाही. परिणामी ज्या एका खिडकीला हो म्हणायला हवे होते, कारण ती खुद्द त्याच्याच नोकराची होती, तिलाही त्याच झटक्यात नकार मिळतो. येथे यंत्रणेचा दुसरा नियम कामाला लागतो: एका जोडीबद्दलचा प्रश्न ती एकदाच विचारते. मिळालेले उत्तर ती एका नोंदवहीत, म्हणजे ‘टीसीसी डॉट डीबी’ नावाच्या माहितीकोशात, उतरवून ठेवते. तेथे नकारासाठी शून्य आणि होकारासाठी दोन असे अंक वापरले जातात. मालकाला आपण नाही म्हटल्याचे दुपारपर्यंत आठवत नाही, यंत्राला ते पाच वर्षांनीही आठवते.

यानंतर दुरुस्ती या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम सुरू होतो. स्क्रिप्ट चालवली की ‘उणे १७४३’ असा एक आकडा येतो. या आकड्याचा अर्थ, संबंधित प्रोग्रॅमला निरोप धाडण्याचा अधिकार तुम्हाला नाही, इतका सरळ असूनही ज्याच्यावर तो आदळतो तो माणूस प्रथम स्क्रिप्टमधली स्वल्पविरामाची चूक शोधू लागतो, कारण स्वतः लिहिलेल्या मजकुरात चूक असणे त्याला शक्य वाटते, स्वतः दिलेल्या नकाराची शक्यता त्याच्या मनाला शिवतही नाही. या आकड्याच्या भाऊबंदांशी ओळख असल्यास बराच वेळ वाचतो. ‘उणे ६००’ म्हणजे ज्याला निरोप धाडला तो प्रोग्रॅम मुळी चालूच नाही. ‘उणे १७१२’ म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली, आणि ही मुदत ॲपलस्क्रिप्टमध्ये वेगळे काही सांगितले नसेल तर दोन मिनिटांची असते. ‘उणे १७४४’ म्हणजे निरोप जाऊ शकेल, पण त्यासाठी मालकाला विचारावे लागेल आणि अद्याप विचारलेले नाही. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर पहिला आकडा म्हणजे ‘अर्ज नामंजूर’, दुसरा ‘साहेब जागेवर नाहीत’, तिसरा ‘जेवणाची सुट्टी’ आणि चौथा ‘फाइल सहीसाठी वर गेली आहे’. चारही प्रसंगी काम होत नाही हे खरे. पण कोणत्या खिडकीशी जाऊन भांडायचे हे त्यावरून ठरते.

आकड्याचा अर्थ उलगडला की वापरकर्ता सिस्टिम सेटिंग्जमध्ये जातो, तेथून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या दालनात आणि तेथून ‘ऑटोमेशन’ या कोठडीत. २०२२ पर्यंत या इमारतीचे नाव ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’ होते. त्या वर्षीच्या ‘व्हेंच्युरा’ आवृत्तीत नाव बदलून आतल्या दालनांची जागाही हलवली गेल्याने, जुन्या मार्गदर्शिका वाचून येणारा माणूस स्थलांतरित तहसील कार्यालय शोधणाऱ्या पक्षकारासारखा काही काळ भटकतो. इष्ट स्थळी पोचल्यावर त्याला एक यादी दिसते. तिच्यात हुकूम सोडणाऱ्यांची नावे असून प्रत्येकाखाली ज्यांना हुकूम सोडायचा त्यांची नावे आणि पुढे चालू-बंद करण्याची कळ असते. आपल्या स्क्रिप्टचे नाव त्यात असेल आणि कळ बंद असेल तर ती चालू करावी, काम झाले. अशा भाग्यवंतांसाठी हा लेख नाही.

खरा तिढा नाव यादीत नसेल तेव्हा पडतो, कारण या यादीत नाव घालण्यासाठी अधिकचे चिन्ह दिलेलेच नाही. यादीत नाव येण्याचा एकच मार्ग आहे: प्रोग्रॅमने विचारले पाहिजे. प्रोग्रॅमने विचारले नाही तर नाव येत नाही, नाव आले नाही तर कळ दिसत नाही, कळ दिसली नाही तर परवानगी देता येत नाही. रहिवासाचा दाखला मिळवण्यासाठी रहिवासाचा पुरावा लागतो आणि पुरावा म्हणून दाखलाच चालतो, या परिस्थितीशी ज्यांचा पूर्वपरिचय आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. शेजारच्याच ‘ॲक्सेसिबिलिटी’ या यादीला मात्र अधिक आणि उणे अशी दोन्ही चिन्हे आहेत. दुसऱ्या प्रोग्रॅमची बटणे आणि मेनू परस्पर दाबण्याची मुभा त्या यादीतून मिळते, आणि मूळ हेतू अपंग व्यक्तींसाठीच्या साहाय्यक साधनांना वाट मोकळी करून देण्याचा आहे. स्क्रिप्टला ‘सिस्टिम इव्हेंट्स’ या मध्यस्थामार्फत एखाद्या प्रोग्रॅमचा मेनू दाबायचा असेल, तर मध्यस्थाशी बोलण्यासाठी ऑटोमेशनची आणि मेनू दाबण्यासाठी ॲक्सेसिबिलिटीची अशा दोन परवानग्या लागतात. एक मिळाल्यावर दुसरी अडली की वापरकर्त्याला पहिलीच निष्फळ ठरल्यासारखे वाटते, आणि तो रागाच्या भरात ती काढून टाकतो.

परवानगी कोणाला दिली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. टर्मिनल या खिडकीतून स्क्रिप्ट चालवली तर यंत्रणेच्या दृष्टीने हुकूम सोडणारी ती स्क्रिप्ट नसून टर्मिनल असते. तीच स्क्रिप्ट लिहिण्याच्या प्रोग्रॅममधून चालवली तर तो प्रोग्रॅम जबाबदार. आणि ठरावीक वेळी कामे सुरू करणाऱ्या ‘क्रॉन’ या जुन्या सेवेवर ती सोपवली तर पडद्यामागे राहणाऱ्या त्या सेवेच्या माथी जबाबदारी येते. म्हणून जी स्क्रिप्ट दुपारी मालकासमोर शंभरदा बिनचूक चालते, ती पहाटे एकटी असताना दारातच अडते. दुपारी तिच्यामागे वजनदार ओळख होती, पहाटे नव्हती. शाळेच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र घेऊन गेलेला पालक आणि तसाच गेलेला पालक यांत व्यक्ती म्हणून काही फरक नसतो, हे ज्याला मान्य आहे त्यालाच या नियमाचा खरा धक्का बसतो.

ओळखीचा दुसरा प्रकार सहीचा. प्रत्येक प्रोग्रॅमवर एक सांकेतिक सही असते आणि नोंदवहीतील परवानगी नावाला नव्हे, त्या सहीला बांधलेली असते. एखाद्याने आपली स्क्रिप्ट ॲपच्या रूपात जतन केली, तिला रीतसर प्रमाणपत्राची सही दिली नाही आणि नंतर तिच्यातील एक शब्द सुधारून पुन्हा जतन केली, तर यंत्रणेच्या लेखी ते नवेच ॲप ठरते व प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला जातो. बँकेत वीस वर्षे खाते असलेल्या गृहस्थाची सही उतारवयात थरथरू लागली की खिडकीवरचा माणूस त्यांना ओळखूनही ‘सही जुळत नाही’ असे सांगतो. त्याचा नाइलाज असतो, कारण त्याला चेहरा ओळखण्याचा पगार मिळत नाही. कधी कधी यादीत कळ चालू दिसूनही काम अडते, त्यामागेही ॲपच्या जुन्या प्रतीची शिळी नोंद असू शकते. अशा वेळी ॲक्सेसिबिलिटीच्या यादीतून नाव उणे करून पुन्हा अधिक करावे, असा एक तोडगा अनुभवी लोक सांगतात. तो मंत्रतंत्रासारखा वाटला तरी त्याला आधार आहे, कारण नाव पुन्हा घालताना नवी सही नोंदवली जाते.

काही वेळा वापरकर्ता सर्वस्वी निर्दोष असतो आणि दोष ॲप बांधणाऱ्याचा असतो. ॲपलच्या तपासणीतून गेलेल्या ॲपला सुरक्षेचे एक कडक कवच धारण करावे लागते. अशा ॲपला इतरांना निरोप धाडायचे असतील तर तसा हक्क त्याच्या सहीत आधीच नमूद केलेला असावा लागतो, शिवाय निरोप कशासाठी धाडायचे हे सांगणारे एक वाक्यही ॲपसोबत द्यावे लागते. यातले काही राहून गेले तर यंत्रणा प्रश्न विचारण्याचे कष्टही न घेता परस्पर नकार देते, आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रश्नच नाही तर यादीत नावही नाही. असा वापरकर्ता सेटिंग्जची सर्व दालने पालथी घालून शेवटी संगणक बंद करून चालू करतो, कारण एवढेच त्याच्या हाती उरलेले असते. जेथे ते कारणवाक्य दिलेले असते तेथे ते वाचण्याजोगे असते. ‘हे ॲप नीट चालण्यासाठी ही परवानगी आवश्यक आहे’ असा त्याचा सर्वसाधारण आशय असून, पैसे कशासाठी हवेत या प्रश्नाला ‘खर्चासाठी’ असे उत्तर देणाऱ्या मुलाच्या शैलीशी त्याचे जवळचे नाते आहे.

एवढे सगळे वाचून पहारेकऱ्याला घरी पाठवावे असे वाटणे स्वाभाविक आहे; पण पहारेकरी कशासाठी ठेवला हेही पाहिले पाहिजे. २०१६ मध्ये फाइली साठवण्याची एक नामांकित सेवा, मालकाने तिच्या स्थापनेच्या वेळी दिलेल्या पासवर्डचा आधार घेऊन, ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत स्वतःचे नाव स्वतःच लिहीत असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. मालकाने ते नाव काढले तरी ते पुन्हा हजर होई. त्याच वर्षी आलेल्या ‘सिएरा’ आवृत्तीपासून ती नोंदवही अशा हस्तक्षेपापासून कुलूपबंद झाली, आणि त्या कुलपाला संगणकाच्या मालकाचा हातही सहज लागत नाही. अँड्रॉइड फोनांत या परवानगीचे मोल आणखी विदारक रीतीने कळते. तेथील ॲक्सेसिबिलिटी सेवेमुळे पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि बटणे दाबता येतात. अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखवणारे ‘टॉकबॅक’ याच वाटेने चालते. हीच वाट, लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बनावट ॲपांच्या कुळातील चोरटी ॲपेही शोधत असतात, कारण पडदा वाचता आला की बँकेचा ओटीपीही वाचता येतो. म्हणून २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही. ती कळ करड्या रंगाची होऊन निपचित पडते आणि ॲपच्या माहितीच्या पानावरील तीन ठिपक्यांमागे लपलेली एक वेगळी मुभा दिल्यावरच जागी होते. प्रामाणिक नोकर आणि चोर दोघेही एकच किल्ली मागतात, ही पहारेकऱ्याची अडचण आहे. हेतू ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नाही, म्हणून तो दोघांनाही सारखेच छळतो, आणि तेवढ्यापुरता तो निःपक्षपाती म्हणावा लागेल.

मोठ्या कंपन्यांतील संगणकांवर संगणक विभागाचा अंमल असतो आणि तेथील अधिकारी एका लेखी धोरणाद्वारे हजारो यंत्रांवर एकाच वेळी ऑटोमेशनची परवानगी देऊ शकतात. कॅमेरा आणि मायक्रोफोन यांच्या बाबतीत मात्र त्यांना फक्त नकार देता येतो, होकार देता येत नाही. तो यंत्रासमोर बसलेल्या माणसानेच द्यायचा. ज्या कचेरीत साहेबाला नाही म्हणण्याचा पूर्ण आणि हो म्हणण्याचा शून्य अधिकार आहे, त्या कचेरीची कल्पना करायला मराठी वाचकाला फार प्रयास पडू नयेत. पण येथे ती रचना जाणूनबुजून आणि कर्मचाऱ्याच्या भल्यासाठी केलेली आहे, एवढा भेद नमूद केला पाहिजे.

प्रश्न विचारण्याचे प्रमाण किती असावे, हे मात्र अजून कोणालाच नीट गवसलेले नाही. सप्टेंबर २०२४ मधील ‘सिक्वोया’ आवृत्तीच्या चाचणीकाळात, पडद्याचे चित्रण करणाऱ्या ॲपांबद्दल मालकाला दर आठवड्याला पुन्हा विचारले जात होते. ओरड झाल्यावर ते महिन्यावर आणले गेले. एकदाच विचारले तर माणूस चुकून नाही म्हणतो आणि अडकतो; वारंवार विचारले तर न वाचता हो म्हणू लागतो आणि तेव्हा पहारा असून नसल्यासारखा होतो. संमती ही वस्तू जितकी अधिक मागावी तितकी तिची किंमत उतरते, हे लग्नकार्यात ‘आणखी एक जिलबी?’ असे विचारत पंगतीतून फिरणाऱ्या यजमानाने फार पूर्वी शोधून काढले आहे. चौथ्या खेपेस पाहुणा हो म्हणतो तेव्हा त्याला जिलबी हवी असतेच असे नाही.

राहता राहिला उपाय. आकडा ‘उणे १७४३’ आहे याची खात्री करावी. ऑटोमेशनच्या यादीत नाव आहे का आणि कळ चालू आहे का ते पाहावे. नाव असूनही काम अडत असेल, किंवा पूर्वी कधी तरी गोंधळ झाल्याची शंका असेल, तर टर्मिनलमध्ये ‘टीसीसीयूटिल’ ही आज्ञा ‘रीसेट’ आणि ‘ॲपलइव्हेंट्स’ या दोन शब्दांसह द्यावी, आणि त्यांच्यापुढे संबंधित ॲपची अधिकृत ओळख जोडावी. ती ओळख जोडायची राहिली तर सर्वच ॲपांच्या या प्रकारच्या नोंदी पुसल्या जातात, आणि मग जुन्या निरोप्यांची अख्खी रांग नव्याने दारात उभी राहते. त्यानंतर ॲप बंद करून पुन्हा उघडावे आणि स्क्रिप्ट पहिल्यांदा स्वतः समोर बसून, दिवसाउजेडी आणि जिच्यामार्फत ती पुढे चालायची आहे त्याच वाटेने चालवावी, म्हणजे प्रश्न योग्य नावाने आणि उत्तर देणारा माणूस खुर्चीत असताना येईल. टीसीसीयूटिल या साधनाला परवानगी देता येत नाही, हिरावूनही घेता येत नाही; त्याला एकच काम येते, आधीचे उत्तर विसरणे. एवढा विचार करून बांधलेल्या यंत्रणेत मालकाच्या हाती दिलेले साधन हे इतकेच, आणि बहुतेक वेळा तेच पुरते, कारण बिघाड बहुधा यंत्रात नसतो, आपणच कधी तरी दिलेल्या उत्तरात असतो.

तेव्हा पुढच्या वेळी खिडकी उगवली की बोटाला क्षणभर आवरावे. तिच्यात दोन नावे असतात. दोन्ही वाचावीत, आणि पहिले नाव आपण कामाला लावलेल्याचे आहे की आगंतुकाचे हे ठरवून मगच बटण दाबावे.